गिऱ्हाइकाची खुर्ची

गोळी झोंबली नाही. जिन्याच्या वळणावर, खांद्यावरचा कापडाचा तागा कठड्याला टेकवून मास्तर उभे होते आणि जिभेखाली नेहमीची चुणचुण कधी सुरू होते याची वाट पाहत होते. एरवी गोळी ठेवली की बारीक झिणझिण्या येत, मग कानशिलं गरम होत आणि छातीवरची पकड सैल पडे. आज तोंडात खडूचा कण गेल्यासारखं नुसतं पिठूळ झालं होतं. छातीत मात्र नेहमीचाच प्रकार चालू होता. कुणीतरी आतून दोन मापं लहान कोट चढवला होता आणि आता त्याची बटणंही लावायला घेतली होती. मास्तरांनी दुसरी गोळी ठेवली. तीही तशीच. खाली दुकानात धाकटे मालक फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होते, वर कारखान्यात शिलाई मशीनं धडधडत होती, आणि या दोन्ही आवाजांच्या मधे, कुणाच्याही नजरेला न पडता, मास्तर घामानं भिजत होते. पायाशी पायरी होती. बसता आलं असतं. पण तागा खांद्यावर असताना पायरीवर बसलेला मास्तर कुणी पाहिला असता तर त्याला काय सांगायचं, हे त्यांना सुचेना. मग बऱ्याच वेळानं, कंटाळलेला पाहुणा आपणहून उठावा तसं दुखणं उठलं. मास्तरांनी तागा पुन्हा खांद्यावर घेतला आणि ते वर गेले.

कटर उभा, कापड आडवं. हे उस्तादांचं म्हणणं. मास्तर कापायच्या या टेबलाशी शिकायला आले तेव्हा उस्तादांनी त्यांना पहिल्या दिवशी कात्री दिली नाही, टेप दिली नाही, नुसतं टेबलाच्या कडेला उभं केलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभं राहायचं, हेच काम. पोटऱ्या भरून आल्या तेव्हा उस्ताद म्हणाले, "शिवणारा बसतो. त्याचं कापड त्याच्या मांडीवर येतं. आपण कापडाकडे जायचं असतं." त्यात तथ्य होतंच. कोटाच्या लांब पाठीचा काप घेताना सगळं अंग कात्रीबरोबर पुढे जावं लागतं, खांद्यातून, कमरेतून. बसून कापलेल्या पाठीच्या कडेला कुठेतरी दात पडतोच. पण त्यात नुसतं तथ्य नव्हतं, तोराही होता. कारखान्यात सगळे बसलेले आणि एकटा कटर उभा. धाकटे मालकसुद्धा वर आले की टेकायला काहीतरी शोधत. दाराशी एक चांगली खुर्ची होती, हातांची, गादीची, पण ती गिऱ्हाइकाची. ट्रायलला आलेल्या माणसानं त्यात बसायचं. कामगारानं तिच्यात बसायचं नाही, हा थोरल्या मालकांचा नियम. थोरले मालक गेले तरी नियम राहिला, कारण कुणी कधी बसून पाहिलंच नाही. आणि उस्ताद गेले ते या टेबलाशी, उभ्या उभ्या. मास्तर तेव्हा समोरच होते. सकाळपासून उस्ताद जबडा चोळत होते, दाढ दुखते म्हणून लवंग चघळत होते. राखी रंगाचं कापड होतं. काप पुरा झाला, त्यांनी डाव्या हातानं टेबलाची कड धरली, मान वळवून दाराकडे पाहिलं, गिऱ्हाईक आलं की काय ते बघावं तसं, आणि मग ते कापडावर आडवे झाले. कात्री बोटांतून काढावी लागली. सगळे म्हणाले, काय माणूस, काप पुरा करून गेला. भाग्यवान. मास्तरांनाही तसंच वाटलं होतं. पुढची कित्येक वर्षं ते नव्या कारागिरांना ही गोष्ट सांगत आले होते आणि सांगताना स्वतःही टेबलाची कड धरून दाखवत.

दुखणं लागलं ते गेल्या वर्षी. डॉक्टरीणबाईंनी फिरत्या पट्ट्यावर चालवलं, कागदावरची नागमोडी रेघ पाहिली आणि सरळ सांगितलं की हृदयाला रक्त पुरत नाही. रोजच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, मनानं बंद करायच्या नाहीत, आणि ही छोटी बाटली कायम जवळ ठेवायची. "दुखलं की हातातलं काम टाकायचं. खाली बसायचं. मग गोळी जिभेखाली. गिळायची नाही, चावायची नाही. आधी बसायचं, हं." मास्तर हो म्हणाले. डॉक्टरला हो म्हणायचं असतं. बाटली काचेची, तपकिरी, अंगठ्याएवढी. पण ती खिशात वाजायची. टेबलावर वाकलं की खुळखुळ, जिना चढलं की खुळखुळ. काज करणाऱ्या बाईंनी एकदा विचारलंसुद्धा, "मास्तर, खिशात खुळखुळा घेऊन फिरता का? नातवंड आलं की काय घरात?" सगळे हसले, मास्तरही हसले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी गोळ्या खडूच्या पत्र्याच्या डबीत भरल्या. खाली फ्लॅनेलचा तुकडा, वर फ्लॅनेलचा तुकडा, मधे गोळ्या. शिंप्याची अक्कल. डबी वाजेना. कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं; कटरच्या खिशात खडूची डबी नाही तर काय असणार? संशयाची त्यांना भीती होती. इस्त्रीवाल्याचा हात थरथरायला लागला तेव्हा धाकट्या मालकांनी त्याला फार मानानं निरोप दिला होता, भिंतीवर लावायचं घड्याळ भेट दिलं होतं, खांद्यावर हात ठेवला होता. आणि आता गल्ल्याजवळ एका कापायच्या मशीनचं रंगीत माहितीपत्रक पडलेलं असे. त्या मशीनला छाती नव्हती.

डबीतल्या गोळ्या पहिल्यापहिल्यांदा झोंबल्या. मग कमी झोंबायला लागल्या, डोकं ठणकायचं तेही थांबलं. मास्तरांना वाटलं, अंगवळणी पडली. तसे ते खूषच झाले होते. टेबलाशी उभ्याउभ्याच, खडू काढायचा बहाणा करून, डबीतली गोळी तोंडात टाकता येत होती आणि काही होत नव्हतं. बसा म्हणे. डॉक्टर लोक जरा जास्तच जपतात. पण जिन्यातली सकाळ त्यांच्या मनातून जाईना. दुपारी जेवणाचा डबा तसाच ठेवून ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले. दुकानातल्या ताईंनी त्यांना ओळखलं. मास्तरांनी डबी काउंटरवर ठेवली आणि गोळ्या खराब निघाल्या अशी तक्रार केली. ताईंनी झाकण उघडलं, फ्लॅनेल उचललं आणि मास्तरांकडे पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"मीच. बाटली वाजते."

"ही डबी कुठे असते दिवसभर?"

"खिशात. नाहीतर टेबलावर."

"आणि इस्त्री?"

"ती शेजारीच. वाफेची आहे."

ताईंनी डबी बंद केली. "मास्तर, ही गोळी नाजूक असते. काचेच्या बाटलीत, घट्ट बुचाखाली, तोपर्यंत ती गोळी. ऊब लागली, वाफ लागली, कापडानं तिचं औषध शोषून घेतलं, की उरतो तो नुसता खडू. झोंबली का नाही यावर जाऊ नका, काहींना ताज्या गोळीनंही झोंबत नाही. पण या डबीचा काही भरवसा नाही. सकाळी दुखलं तेव्हा काय केलंत?"

"दुसरी ठेवली."

"आणि तरी थांबलं नाही तेव्हा?"

"उभा राहिलो."

"पाच मिनिटांत थांबलं नाही तर अँब्युलन्सला फोन करायचा. दुपारी माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही. येता आलं हे तुमचं नशीब." त्यांनी नवी बाटली काढली, लेबलवर आजची तारीख टाकली, ही इतक्या महिन्यांनी उरली तरी परत आणून द्या म्हणाल्या. मग आवाज जराही न बदलता त्यांनी विचारलं, "आणखी काही घेता का? शक्तीच्या गोळ्या वगैरे? पुरुषांच्या?" मागे एक बाई खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या होत्या. मास्तरांचे कान पेटले. "नाही हो ताई." "विचारावं लागतं. त्या आणि ह्या एकत्र झाल्या तर रक्तदाब पार तळाला जातो, माणूस हाती लागत नाही. कुणी मित्रानं दिल्या तरी नाही म्हणायचं. आणि ही बसून घ्या." मास्तर हो म्हणाले. त्यांना तिथून निघायचं होतं. दुकानाच्या पायरीवर त्यांनी नव्या बाटलीभोवती बाहेरून फ्लॅनेलची पट्टी गुंडाळली आणि हलवून पाहिली. वाजली नाही. बसायचं ते काही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. इतके दिवस उभ्यानं घेतली, काय झालं? मेलेल्या गोळीनं काही होत नाही याचा अर्थ जिवंत गोळीनंही होणार नाही, असा तो विचार होता, आणि तो विचार आहे हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी वकीलसाहेब ट्रायलला आले. उस्तादांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. जन्मभर कागदांनी भरलेली बॅग उजव्या हातात वागवल्यानं त्यांचा उजवा खांदा पडला होता. दर कोटाला मास्तर त्या बाजूला भर थोडी वाढवत आणि वकीलसाहेब आरशात सरळ दिसत. "आणखी उतरला का हो?" त्यांनी विचारलं. "खांदा उतरत नाही साहेब, कोट चढतो," मास्तर म्हणाले. हा त्यांचा दर वेळचा विनोद. बाही कच्च्या टाक्यांनी लावलेली होती. ओठांत टाचण्या धरून मास्तर ती फिरवत होते तेव्हा छातीत पहिलं बटण लागलं. मग दुसरं. त्यांनी टाचण्या मनगटावरच्या गादीत खोचल्या, "आलोच" म्हणाले, पडद्याआड गेले, बाटली उघडली, गोळी ठेवली. झोंबली. अशी झोंबली की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना खरंच आनंद झाला. ते लगेच बाहेर आले. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नाही. हात सवयीनं गादीकडे गेला, टाचण्या पुन्हा ओठांत आल्या. बाहीचा काठ चिमटीत धरला तेव्हा आरशातले वकीलसाहेब विजेचा दाब कमी झाल्यासारखे मंद व्हायला लागले. मशीनांचा आवाज लांब गेला. मास्तरांना फक्त एवढं कळलं की तोंडात टाचण्या आहेत, आणि त्या त्यांनी थुंकल्या. तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट त्या दिवशी त्यांच्या हातून झाली.

पुन्हा दिसायला लागलं तेव्हा त्यांना कापायच्या टेबलाची खालची बाजू दिसली. उभा जन्म या टेबलाशी काढला, पण ही बाजू त्यांनी कधी पाहिली नव्हती. वर काच ठेवावी इतकं गुळगुळीत, आणि खाली रंधासुद्धा फिरवलेला नव्हता, कोळिष्टकं होती. त्यांच्या हातात काहीतरी होतं. ती बाही होती. कच्चे टाके उसवून ती त्यांच्याबरोबर खाली आली होती, आणि वकीलसाहेब एका बाहीच्या कोटात त्यांच्या डोक्याशी ओणवे झाले होते. "मास्तर, माप चुकलं म्हणून एवढं लोटांगण घालायची काही गरज नव्हती," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज थरथरत होता. काज करणाऱ्या बाई जमिनीवरच्या टाचण्या वेचत होत्या. धाकट्या मालकांनी मास्तरांच्या खिशातली बाटली शोधून, लेबलवरचं नाव वाचून डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता आणि फोनमधून त्यांचा आवाज सगळ्या कारखान्याला ऐकू येत होता. "उठवू नका. पाय उंच करा. छातीत दुखतंय का विचारा. नाही? मग जरा वेळानं सावकाश इकडे घेऊन या. दुखायला लागलं तर माझी वाट बघू नका, अँब्युलन्स बोलवा." मास्तरांच्या पायाखाली सकाळचाच तागा आला. इतके महिने जे झाकलं ते आता सगळ्यांच्या देखत जमिनीवर पसरलं होतं, आणि गंमत म्हणजे छातीत काहीच दुखत नव्हतं. गोळीनं आपलं काम चोख केलं होतं. मास्तरांना लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, त्यांच्या मनाविरुद्ध, थोडं हलकंही वाटलं. धाकटे मालक उकिडवे बसले. "सांगायचं नाही का, मास्तर?" "काय सांगणार?" मास्तर म्हणाले. मालकांची नजर एकदा गल्ल्याच्या दिशेनं गेली, की मास्तरांना तसं वाटलं, कोण जाणे.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बसवून मोजला, उभं करून मोजला. दुखणं हल्ली वरचेवर येतंय हे मास्तरांकडून वदवून घेतलं, तेव्हा त्या रागावल्या; हे आधी सांगायला हवं होतं म्हणाल्या, रोजच्या गोळ्या बदलल्या, पुढच्या तपासण्या लिहिल्या. "गोळीनं रक्तवाहिन्या सैल पडतात. उभं असलं की रक्त पायांत उतरतं आणि माणूस पडतो. गोळीचा यात काही दोष नाही. बसायला काय जातं हो तुमचं?" मास्तरांनी विचार केला. "मी कटर आहे," ते म्हणाले. "मग?" बाईंनी विचारलं. त्या खरंच विचारत होत्या. कटर उभा, कापड आडवं. हे त्या पांढऱ्या खोलीत, वजनकाट्याशेजारी म्हणून दाखवलं असतं तर ते लहान मुलाच्या गाण्यासारखं वाटलं असतं.

घरी बायकोनं ड्रॉवरमधून जुनी, रिकामी तपकिरी बाटली काढली, टेबलावर ठेवली आणि भाजी चिरायला घेतली. रोज सकाळी ती विचारायची, "अहो, गोळ्या घेतल्या का?" आणि मास्तर खिशावर थाप मारून हो म्हणायचे. खोटं नव्हतं ते. आता ती सुरी थांबवून म्हणाली, "उभ्या उभ्या गेलात तर लोक कौतुक करतील. तुमच्या उस्तादांचं करतात तसं. मी काय करू त्या कौतुकाचं?" तिनं चिरलेली भाजी बाजूला सारली. "ते गेले तेव्हा त्यांच्याकडे भेटायला गेले होते ना मी. सगळे बाहेर सांगत होते, काप पुरा केला, काप पुरा केला. आत त्यांची बायको बसली होती. तिनं मला एकच विचारलं. म्हणाली, तिथे बसायला काही नव्हतं का हो?"

"तू काय म्हणालीस?"

"मला काय माहीत तिथे काय होतं. मी नव्हतं म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून." आणि ती पुन्हा चिरायला लागली. मास्तरांना जेवण गेलं नाही. त्यांना बायकोचा राग आला, इतकी वर्षं हे पोटात ठेवल्याबद्दल, आणि मग तो राग कुणावर धरायचा तेच कळेना, कारण पोटात ठेवण्याच्या बाबतीत त्यांना बोलायला तोंड नव्हतं.

तपासण्या होईपर्यंत हलकं काम करायचं ठरलं. तागा दुसरा कुणीतरी आणी. बाटली उघडपणे टेबलावर असे, इस्त्रीपासून लांब, आणि वाजली तर वाजे. धाकटे मालक एकदा वर येऊन म्हणाले, "मास्तर, ती खुर्ची इकडे टेबलाजवळ आणू का?" "असू दे तिथेच," मास्तर म्हणाले, जरा तुटकच. "गिऱ्हाइकाची आहे ती." मालक गेले. माहितीपत्रक गल्ल्याजवळ अजून होतं. त्यावर चहाचा गोल डाग मात्र पडला होता. मग एका सकाळी, गर्द निळ्या कापडाची पाठ घेताना, कात्री वळणाच्या अर्ध्यावर असताना, बटण लागलं. पहिलं. मास्तर थांबले नाहीत. अर्ध्या वळणावर कात्री थांबली की तिथे दात पडतो. थोडं तर राहिलंय, एवढा काप पुरा करावा आणि मग बघावं. दुसरं बटण लागलं. डावा हात आपोआप टेबलाच्या कडेवर गेला. कड थंड होती. आणि तशी कड धरून, मान वळवून, मास्तरांनी दाराकडे पाहिलं.

दार अर्धवटच दिसलं. दाराशी खुर्ची होती, हातांची, गादीची, रिकामी. इथून, या टेबलाशी, असं उभं राहून, अशी मान वळवली की दार नीट दिसतच नाही. उस्तादांच्या वेळेपासूनचं कपाट मधे येतं. दिसते ती खुर्ची. इतकी वर्षं मास्तर लोकांना सांगत आले होते की उस्तादांनी शेवटी दाराकडे पाहिलं, गिऱ्हाईक आलं की काय ते बघायला. उस्ताद गिऱ्हाईक बघत नव्हते. त्यांना बसायचं होतं. मास्तरांनी कात्री निळ्या कापडात तशीच उघडी सोडली, अर्ध्या वळणावर, बाटली उचलली आणि ते चालायला लागले. मशीनं एकेक करून थांबली. मास्तर खुर्चीपाशी पोचले, वळले, आणि दोन्ही हातांवर भार देऊन सावकाश बसले. गादी त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा मऊ होती. त्यांनी बूच उघडलं, गोळी जिभेखाली ठेवली, बूच घट्ट लावलं. झोंबली. काज करणाऱ्या बाई सुई हवेत धरून त्यांच्याकडे पाहत होत्या. पाच मिनिटांची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक होती; बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि फोन उचलून हातात धरला. मास्तरांनी मान हलवली. सगळे घड्याळ बघत राहिले. कानशिलं गरम झाली, डोकं ठणकायला लागलं, आणि पाच मिनिटं भरायच्या आत एकेक बटण सुटत गेलं. निळ्या कापडावर उघडी कात्री तशीच पडून होती, दात पडला असणार, तो पुढे शिवणीत घ्यावा लागणार होता. जिभेखालची गोळी पुरती विरघळल्यावर मास्तर म्हणाले, "उद्यापासून ही खुर्ची टेबलाजवळ ठेवा."